चार डिपार्टमेंटं, एक चुकांची वही आणि एक सीएचबी सर

प्रकरण थोडक्यात सांगते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न चार कॉलेजं, चारही ठिकाणी कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटीचं डिपार्टमेंट, आणि चारही ठिकाणी रड तीच: पहिल्या वर्षाच्या मुलांचं जर्नल पूर्ण, त्यावर सही झालेली, हजेरीही ठीकठाक, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, "हा लूप किती वेळा फिरेल?" एवढं विचारलं की पोरगं छताकडे बघतं. यातल्या एका डिपार्टमेंटला यावर बऱ्यापैकी चालणारा उपाय सापडला. तो उरलेल्या तिघांकडे कसा गेला, एके ठिकाणी का टिकला नाही, आणि मुळात तो नेला कुणी, हे लिहायचंय.

कॉलेजांची नावं घेणार नाही, जागेवरून ओळखू. दादरचं, जिथे हे सुरू झालं. ठाण्याच्या पुढचं, जिथे मी शिकवते. मग वसईकडचं आणि हार्बर लाइनवरचं. दादरवाले जुने, तिथे डिपार्टमेंटमध्ये पर्मनंट माणसं आहेत. आमचा कोर्स सेल्फ फायनान्स, म्हणजे फी जास्त, माणसं कमी आणि निम्मं टाइमटेबल सीएचबीवर. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, जेवढे तास घेतले तेवढे पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, कॉलेजात शिकवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वसईला लॅब आहे पण त्यातले किती पीसी चालू हे त्या दिवसावर. हार्बरवाल्यांचं उलट, लॅब चकाचक, स्मार्ट बोर्ड, वायफाय, सगळं.

दादरला काय चालू होतं

दादरच्या मॅडम लेक्चरमध्ये प्रोग्रॅम लिहायला लावायच्या आधी वाचायला लावायच्या. फळ्यावर चार ओळी. एक उदाहरण देते, भाषा पायथन असो की सी, फरक पडत नाही. क ची किंमत 1. जोपर्यंत क हा 4 पेक्षा लहान आहे तोपर्यंत दोन कामं करायची: आधी क मध्ये 1 मिळवायचा, मग क छापायचा. हे परत परत फिरणं म्हणजेच लूप. आता स्क्रीनवर काय दिसेल? पर्याय चार. पहिला: 1 2 3. दुसरा: 2 3. तिसरा: 2 3 4. चौथा: 1 2 3 4.

मुलांनी आधी एकट्याने ठरवायचं, बोलायचं नाही, आणि मॅडमनी "दाखवा" म्हटलं की पर्यायाच्या नंबराएवढी बोटं छातीशी धरायची, डोक्यावर हात नाही, कारण हात वर केला की अख्खा वर्ग पहिल्या बेंचवरच्या हुशार मुलीकडे बघून मत बदलतो. मॅडम एक नजर फिरवतात, उत्तर सांगत नाहीत, म्हणतात शेजाऱ्याला पटवा. दोन-तीन मिनिटं कल्ला. परत बोटं. मग कुठे समजावून सांगणं.

बरोबर उत्तर तिसरं, 2 3 4. पण गंमत दुसऱ्या पर्यायात आहे. तो निवडणारी मुलं काही डोळे मिटून बोटं दाखवत नसतात, त्यांचं म्हणणं असतं की क चार झाला रे झाला की लूप तिथल्या तिथे थांबणार, छापायच्या आधीच. म्हणजे त्यांच्या डोक्यात कॉम्प्युटर सतत अटीवर डोळा ठेवून बसलेला असतो. प्रत्यक्षात अट फक्त लूपच्या तोंडाशी तपासली जाते, आत शिरलं की आतल्या सगळ्या ओळी होणारच. रॉय पी नावाच्या संशोधकाने 1986 मध्येच लिहून ठेवलंय की नवशिक्यांच्या असल्या बऱ्याच चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, मशीनच्या आत एक समजूतदार मन आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं. ही समजूत पायथन शिकवून जात नाही, सी शिकवूनही जात नाही, कारण मुलाने ती कधी तोंडाने बोललेलीच नसते आणि आपण कधी विचारलेली नसते.

हे सगळं मॅडमनी हवेतून आणलेलं नव्हतं हेही सांगायला हवं. आधी एकटा विचार, मत, शेजाऱ्याशी चर्चा, परत मत, ही पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात फिजिक्सच्या वर्गात रुळवली, पिअर इन्स्ट्रक्शन म्हणतात तिला. त्यांचा साधा हिशोब असा की पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के मुलं बरोबर असतील तर चर्चा करण्यात अर्थ आहे, त्याहून कमी असतील तर परत शिकवा आणि जास्त असतील तर पुढे चला. कॉम्प्युटरवाल्यांमध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेथ सायमन, लिओ पोर्टर वगैरे मंडळींनी हे बरीच वर्षं केलं आणि 2013 मध्ये दाखवून दिलं की चार कोर्सेसमध्ये नापासांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आणि आधी वाचन मग लेखन, याचंही कारण आहे. 2001 मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स झाल्यावर प्रोग्रॅम लिहायला लावले तर सरासरी आली 110 पैकी 22.89. आपलीच पोरं ढ आहेत असं वाटणाऱ्यांनी हा आकडा जरूर चिकटवून ठेवावा. त्यानंतर 2004 मध्ये रेमंड लिस्टर आणि मंडळींनी सात देशांत तपासलं तर दिसलं की बऱ्याच मुलांना लिहिणं सोडा, दुसऱ्याने लिहिलेला छोटा कोड ओळीओळीने चालवून बघणंही जमत नाही.

लांब कशाला, आपल्या पवईत आयआयटीमध्ये सीएस 101 या पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्सच्या चारशेहून जास्त मुलांच्या वर्गात थिंक पेअर शेअर (आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्या वर्गासमोर) करून बघितलेलं आहे, त्याचा पेपर 2013 चा, आणि त्यात सरासरी 83 टक्के मुलं गुंतून राहिली असं निघालं. पवई आमच्यापासून किती लांब? पण आमच्या स्टाफरूममध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. आयआयटीचा पेपर कॉलेजात पोचत नाही आणि कॉलेजातली गोष्ट शेजारच्या कॉलेजात पोचत नाही, हाच या प्रकरणाचा विषय.

पाच दिवसांचा एफडीपी

तर दादरवाल्यांनी रीतसर केलं. फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, पाच दिवस, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, रिसोर्स पर्सन, जेवण चांगलं, शेवटी फीडबॅक फॉर्म आणि सर्टिफिकेट. चारही कॉलेजांतून लोक आले, मीही होते. मॅडमचं सेशन तिसऱ्या दिवशी जेवणानंतर. त्यांनी पीपीटी दाखवली, मुद्दे नीट मांडले, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, फॉर्मवर सगळीकडे पाचपैकी पाच दिले आणि घरी आलो. पीपीटी ग्रुपवर आली, तिला अंगठे आले.

पुढच्या सेमिस्टरला आमच्या कॉलेजात यातलं काहीही सुरू झालं नाही. वसईलाही नाही. हार्बरवाल्यांनी सुरू केलं, त्याचं पुढे सांगते.

का नाही झालं, तर त्या पीपीटीत सगळं होतं फक्त उद्या सकाळच्या लेक्चरला लागणारं काही नव्हतं. आमचं लेक्चर 48 मिनिटांचं, त्यात हजेरी आणि प्रोजेक्टरची वायर शोधणं. फळ्यावर नेमका कोणता प्रश्न टाकू? मुलं काय उत्तरं देतील? सगळ्यांनी चुकीचंच बोट दाखवलं तर मी पुढे काय बोलू? सिलॅबस मागे पडला तर? यातलं काहीच "बेनिफिट्स ऑफ ॲक्टिव्ह लर्निंग" या स्लाइडवर नसतं. आणि सत्तर मुलांसमोर नवीन काहीतरी करायचं, तेही फसलं तर वर्ग हातातून जातो, ही भीती कुणी एफडीपीमध्ये बोलून दाखवत नाही कारण समोर आपले एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, बसलेले असतात.

मग नेलं कुणी

आमच्याकडे एक सीएचबी सर येतात. सकाळचे तास दादरला त्याच कॉलेजात, मग स्टेशनवरच काहीतरी खाऊन कल्याण लोकल, दुपारच्या बॅचला आमच्याकडे. मुंबईत असे कितीतरी आहेत, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झालेले, पर्मनंट भरती निघायची वाट बघणारे. दोन-दोन कॉलेजांत शिकवल्याशिवाय महिना निघत नाही. एफडीपीला त्यांना बोलावलंच नव्हतं. पाच दिवस तास बुडवून बसले असते तर पैसे कोण देणार, आणि सर्टिफिकेटचा उपयोग प्रमोशनला, प्रमोशन पर्मनंटला.

पण दादरला मॅडमच्या शेजारच्याच वर्गात त्यांचा तास. तिथली बोटं दाखवायची पद्धत त्यांनी दारातून बघितली, मग मॅडमना विचारून एकदा मागच्या बेंचवर बसून अख्खा तास बघितला आणि दुसऱ्या डिव्हिजनला स्वतः घेतला. जे प्रश्न सकाळी दादरला फळ्यावर टाकले तेच दुपारी आमच्याकडे टाकू लागले. आम्हाला पत्ताच नाही. एक दिवस शेजारच्या वर्गातून एवढा कल्ला आला की मी दटावायलाच गेले, तर पोरं भांडत होती ती लूप कधी थांबतो यावरून.

मी विचारलं, सर हे काय? ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर दादरच्या एफडीपीला होता ना? तेच आहे हे." 

त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. हीच ती चुकांची वही, पुढे तिचे फोटो चारही कॉलेजांत फिरले. डाव्या पानावर प्रश्न. उजव्या पानावर कोणत्या कॉलेजात कुठल्या चुकीच्या पर्यायाला जास्त बोटं, ते निवडणारं मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, आणि मग त्याला परत कोणता प्रश्न विचारला की पेटतं. एवढंच. बरोबर उत्तराचं स्पष्टीकरण कुठेच नाही, कारण ते कुठल्याही पुस्तकात मिळतं.

त्यातलं एक पान मला अजून आठवतं. अ = 5, मग ब = अ, मग अ = 7, आता ब किती? बरोबर उत्तर 5. बरीच मुलं 7 म्हणतात, कारण दहावी-बारावीत बीजगणितात ब बरोबर अ म्हणजे कायमचं नातं, अ बदलला की ब बदलणारच. दादरला एका मुलाने हेच बोलून दाखवलं होतं: "सर, ते इक्वल टू आहेत ना, मग दोघं सारखेच राहणार." वहीत त्याखाली सरांनी लिहिलेलं: आता विचारा, अ = अ + 1 हे गणितात चालेल का? वर्ग आधी हसतो, मग गप्प होतो, मग कुणीतरी म्हणतं की सर म्हणजे हे "इक्वल टू" नाहीचये, हे "उजवीकडचं मोजून डावीकडे टाक" आहे. हे वाक्य वर्गातून आलं पाहिजे, आपण नाही बोलायचं, असंही बाजूला लाल पेनने.

दुसरं पान फंक्शनमधल्या (म्हणजे प्रोग्रॅममधल्या, नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या तुकड्यातल्या) रिटर्न आणि प्रिंट या घोळाचं. रिटर्न म्हणजे उत्तर परत देणं, प्रिंट म्हणजे स्क्रीनवर छापणं. फंक्शनने उत्तर परत दिलं की ते आपोआप स्क्रीनवर दिसेल असं मुलांना वाटतं, आणि उलट, फंक्शनच्या आत प्रिंट केलं म्हणजे बाहेर ती किंमत वापरता येईल असंही. दादरला हा घोळ कमी आणि आमच्याकडे जास्त, सरांनी तसं लिहिलंय, आणि कारण आमचं आम्हालाच कळलं: आमच्या लॅब मॅन्युअलमधल्या सगळ्या फंक्शन्समध्ये शेवटची ओळ प्रिंटच आहे. वर्षानुवर्षं तेच मॅन्युअल झेरॉक्स होत आलं, कुणी बघितलं नव्हतं. दुसऱ्या कॉलेजाच्या आकड्याशेजारी आपला आकडा बघितला तेव्हा कुठे दिसलं.

माझं मत सांगते, वाद घाला हवं तर. चांगली पद्धत एका डिपार्टमेंटमधून दुसरीकडे न्यायची तर तिचं कौतुक नेऊन उपयोग नाही, मुलं कुठे काय चुकली हे न्यावं लागतं. मला उद्याच्या तासाला हिंमत येते ती त्यामुळे, कारण वर्गात काय होणार हे मला आधीच माहीत असतं. आणि हे नेणारा माणूस दोन्ही वर्गांत उभा राहिलेला असावा लागतो. आपल्याकडे असा माणूस फुकट तयार आहे, रोज लोकलने इकडून तिकडे जातोय, फक्त त्याला कुणी मीटिंगला बोलवत नाही.

वसई: चिडलेल्या एक्स्टर्नल मॅडम

वसईला हे भलत्याच वाटेने गेलं. दादरचं बघून आम्ही जर्नलमध्ये एक बदल केला होता. आमच्याकडचं जर्नल म्हणजे एम (प्रयोगाचं उद्दिष्ट), थिअरी, प्रोग्रॅम, आउटपुट, आणि ते सगळं सिनियरच्या जर्नलवरून, आता तर चॅटजीपीटीवरून. आम्ही आउटपुटच्या आधी एक रकाना घातला, अंदाज. रन करायच्या आधी पेनने लिहायचं काय येईल ते, खाडाखोड चालणार नाही. साहजिकच पहिले काही आठवडे सगळ्यांचे अंदाज शंभर टक्के बरोबर, म्हणजे आधी रन करून मग अंदाज. मग आम्ही जाहीर केलं की बरोबर अंदाजाला मार्क नाहीत, अंदाज आणि आउटपुट यात फरक का पडला ते दोन ओळींत लिहाल त्याला मार्क. त्यानंतर खरेखुरे चुकीचे अंदाज यायला लागले, काही पोरांनी तर मार्कांसाठी मुद्दाम चुकवले, ते लगेच कळतं कारण मुद्दाम केलेली चूक फार सुबक असते.

प्रॅक्टिकल परीक्षेला वसईच्या मॅडम एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या परीक्षक, म्हणून आल्या. जर्नल उघडलं आणि त्यांचा पारा चढला. चुकीची उत्तरं लिहिलेल्या पानांवर तुमच्या सह्या कशा? त्यांचं बरोबरच होतं, जर्नलवर सही म्हणजे ते तपासलेलं. आम्ही चहा मागवला आणि वही दाखवली. त्यांनी पहिली बॅच होईपर्यंत एक शब्द काढला नाही. मग एका मुलीला तिच्याच जर्नलमधला चुकलेला अंदाज दाखवून विचारलं, हे का चुकलं, तर तिने सरळ समजावून सांगितलं, अर्धं मराठीत अर्धं हिंदीत, न अडखळता. मॅडम म्हणाल्या, "वहीचे फोटो पाठवा मला."

एक्स्टर्नल ही आपल्याकडची जुनी व्यवस्था आहे, एका कॉलेजातला शिक्षक दुसऱ्या कॉलेजात जाऊन दिवसभर तिथली मुलं, तिथली लॅब, तिथलं काम बघतो. आपण ती फक्त मार्क भरायला आणि जेवायला वापरतो.

वसईहून उलट जे आलं ते मला जास्त आवडलं. त्यांच्या लॅबमध्ये पीसी कमी, एका मशीनवर तिघं, एक टाइप करतो आणि दोन मोबाइल बघतात. त्यांनी अर्ध्या बॅचला कागदी पट्ट्या दिल्या. प्रोग्रॅमची एकेक ओळ एका पट्टीवर, सगळ्या कालवून पाकिटात, त्यात एक-दोन पट्ट्या नको असलेल्या, अगदी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या. डेस्कवर लावून दाखवायचं. हे पार्सन्स प्रॉब्लेम्स, न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी 2006 मध्ये मांडलेले. सिंटॅक्सचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या भाषेच्या व्याकरणाचा, त्रास नाही, सेमीकोलन विसरला म्हणून रडणं नाही, सगळं डोकं क्रमावर. आणि नको असलेल्या पट्ट्या कुठल्या घालायच्या? तर चुकांच्या वहीतल्या. लूपचा प्रश्न असेल तर क मध्ये 1 मिळवणारी ओळ दोनदा, एक आत सरकवलेली आणि एक बाहेर. बाहेरची निवडली की लूप कधी थांबतच नाही, कारण क तिथेच राहतो.

पट्ट्या कापायचं काम तिथल्या लॅब असिस्टंट दादांनी अंगावर घेतलं, दहावी पास माणूस, त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळ्या रंगाचा कागद काढला म्हणजे पट्ट्या मिसळत नाहीत. आम्ही पांढऱ्या कागदावर केलं होतं, पहिल्याच दिवशी दोन प्रोग्रॅमच्या पट्ट्या एक झाल्या आणि तास गेला. हे रंगाचं कुठल्या पेपरमध्ये असेल असं वाटत नाही. दुसऱ्या बॅचला उत्तराचे फोटो आधीच व्हॉट्सॲपवर पोचतात हा तिढा त्यांच्याकडेही आला, तर दादा बॅचगणिक नको असलेल्या पट्ट्या बदलतात, मग फोटो बघून लावणारा बरोबर अडकतो.

हार्बरला का फसलं

हार्बरवाल्यांनी तर सगळ्यांच्या आधी सुरू केलं होतं, एफडीपीनंतर लगेच. त्यांच्याकडे साधनं होती म्हणून बोटांऐवजी मोबाइलवर पोल, निकाल लगेच स्मार्ट बोर्डवर. दिसायला मस्त. पण एचओडींनी ठरवलं की पोलमधल्या बरोबर उत्तराला इंटर्नलचे मार्क, म्हणजे मुलं सिरियसली घेतील. मुलांनी घेतलंच सिरियसली. प्रश्न पडला की टॉपरचा मेसेज ग्रुपवर, की सगळ्यांचं बटण तेच. पहिल्याच फेरीला जवळपास सगळा वर्ग बरोबर. मग चर्चा कशावर करणार? शिकवणाऱ्या सरांना वाटलं मुलांना येतंय, ते पुढे सरकले, आणि सेमिस्टर एंडला नेहमीचंच.

यात त्या सरांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. मत चुकलं तर काही जात नाही, यावरच ही पद्धत उभी आहे, आणि नेमकं हेच पीपीटीत नव्हतं. दादरच्या मॅडमना ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलं नाही. सीएचबी सर तिकडे जात असते तर पहिल्या आठवड्यात म्हणाले असते, सर मार्क काढा. तिकडे जाणारं कुणीच नव्हतं.

नॅकच्या फाइलमध्ये

आता थोडं चिडून लिहिते. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, आणि चारही कॉलेजांच्या नॅकच्या फाइलमध्ये बेस्ट प्रॅक्टिसेस आहेत. सातव्या निकषात त्या द्याव्याच लागल्या, दोन, ठरलेल्या नमुन्यात: शीर्षक, उद्दिष्टं, संदर्भ, प्रत्यक्ष पद्धत, यशाचा पुरावा, आणि आलेल्या अडचणी व लागलेली साधनं. नमुना खरं तर चांगला आहे हो, अडचणींचा रकाना आहे त्यात. पण मी जेवढ्या फाइली बघितल्या त्यात त्या रकान्यात "वेळेची कमतरता" एवढंच. कुणीच लिहीत नाही की मार्क लावले आणि पद्धत मेली, किंवा पांढऱ्या पट्ट्या मिसळल्या. लिहिणार कसं, ती फाइल ग्रेड मिळवायला आहे, तिथे कोण स्वतःचे वाभाडे काढेल. म्हणून मला वाटतं की शिक्षकांची आपसातली देवाणघेवाण आणि नॅकचं कागदकाम यांची गाठ घालूच नये, दोन्ही वेगळी ठेवावीत. दादरच्या प्राचार्यांना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं की कागदावर आलं नाही तर पुढचे प्राचार्य बंद करतील. त्यातही तथ्य आहे.

शनिवारची बैठक

एफडीपी परत न घेता आम्ही महिन्यातून एका शनिवारी दादरला बसायचं ठरवलं. दादर कारण सेंट्रल-वेस्टर्न दोन्ही तिथे मिळतात आणि हार्बरवाल्यांना कुर्ल्याला बदलून येता येतं. असं काही आधी कुणी केलंय का म्हणून शोधलं तर सॅली फिंचर आणि जॉश टेनेनबर्ग यांचं डिसिप्लिनरी कॉमन्स सापडलं. 2005-06 मध्ये ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कॉम्प्युटर शिकवणारी मंडळी वर्षभर दर महिन्याला भेटत राहिली आणि प्रत्येकाने स्वतःच्या एका कोर्सची फाइल तयार केली: काय शिकवतो, का, मुलं काय करतात, त्याचा पुरावा काय. आमच्याकडून एवढं होणार नव्हतं, पेपर तपासणी, ॲडमिशन, इलेक्शन ड्युटी यातून वेळ कुठे. आम्ही दोनच नियम ठेवले. येताना वहीचं एक पान आणायचं, आपल्या वर्गातलं, मुलाच्या शब्दांसकट. आणि सेमिस्टरमध्ये एकदा तरी दुसऱ्याच्या वर्गात मागे जाऊन बसायचं, बघून झालं की तिथल्या तिथे चहा, रिपोर्ट लिहायचा नाही.

सीएचबी मंडळींना या शनिवारचे पैसे कोण देणार यावर दोन बैठका गेल्या. शेवटी दादरने त्यांना गेस्ट लेक्चरच्या हेडखाली मानधन बसवलं, आमच्या मॅनेजमेंटने फक्त प्रवासखर्च मान्य केला, वसईने अजून उत्तर दिलेलं नाही. 

फरक पडला का? निकाल वाढला असं मी म्हणणार नाही, कारण नवीन शैक्षणिक धोरणाने क्रेडिटं, पेपरचं स्वरूप, सगळं त्याच काळात बदललं, काय कशामुळे झालं ते वेगळं काढता येत नाही. दिसलेलं सांगते. दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारे आमचे सर, जे यात कुठेच नव्हते, त्यांनी येऊन विचारलं की यंदा मुलं कोड फळ्यावर चालवून का मागतायत, पूर्वी फक्त नोट्स मागायची. मराठी माध्यमातून आलेली मुलं चर्चेत बोलतात, कारण शेजाऱ्याशी इंग्रजीत बोलायची सक्ती नाही. आणि व्हायव्हाला छताकडे बघणारी अजून आहेतच, कमी आहेत.

हार्बरवाले सर मागच्या शनिवारी पहिल्यांदा आले. एचओडींना मार्क काढायला कसं पटवायचं हा त्यांचा प्रश्न होता, वसईच्या मॅडमनी सुचवलं की मार्क काढू नका, बोट दाखवल्याचे द्या, बरोबर-चूक बघू नका, म्हणजे एचओडींचा रकानाही भरतो. ते करून बघणार आहेत, बोटांनीच, मोबाइल बाजूला ठेवून. सीएचबी सरांना पुढच्या सेमिस्टरपासून पनवेलला एका कॉलेजात दोन दिवस मिळालेत, वहीची झेरॉक्स आम्ही काढून घेतलीय, आणि दादरचे सकाळचे तास आता कोण घेणार हे मॅडमना अजून कुणी सांगितलेलं नाही.